सगळं बंद, मग एकेक सुरू

माझ्या साडूइतका धीराचा माणूस घाटंजीतच काय, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही. आणि त्या धीरानेच त्यांचा घात केला. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर ते वेबसाइट दुरुस्त करायला स्वतःच शिकले. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं: सगळं बंद करा, मग एकेक सुरू करा. पोट बिघडलं की ते दोन दिवस उपाशी राहत. मग आज वरण, उद्या भाकर, परवा ठेचा, असं करत दोषी पदार्थ पकडत. पुतणीच्या लग्नात भांडण पेटलं तेव्हा त्यांनी सगळ्या पाहुण्यांना मांडवाबाहेर काढलं आणि नाव पुकारून एकेकाला आत घेतलं. तिसरे आत आले ते त्यांचे सख्खे मामा, आणि भांडण पुन्हा जुंपलं. "पाहा साडभाऊ, सापडला!" साडू आनंदाने ओरडले. मामा अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

त्यांची स्वतःची वेबसाइट एकच. त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या आक्का, पौर्णिमेला बुद्धविहारात गाणी म्हणायच्या. ती त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून वेबसाइटवर चढवली होती. गाणी वाजवायला एक प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, खाली अभिप्राय लिहायला दुसरं, शिवाय आणखी पाच-सहा. पुसद-उमरखेडकडच्या बाया लिहायच्या आणि आक्का आजारपणात खाटेवर पडल्या पडल्या प्रत्येकीला उत्तर द्यायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

यंदा उन्हाळ्यात एका अपडेटनंतर पान कोरं पांढरं पडलं. वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्या होस्टिंगवाल्यांनी फोनवर सांगितलं, प्लगइनचं एकमेकांशी जमत नाहीये. साडूंनी सगळी बंद केली, रोज एक सुरू करून पाहिलं. अभिप्रायवालं दोषी निघालं. ते जुनं झालं होतं, म्हणून त्यांनी ते डिलीट केलं. गाणी वाजू लागली. नवं प्लगइन बसवलं, पण लगेच सुरू केलं नाही.

"आता काहून थांबले?" मी विचारलं.

"आठ दिवस गाणे नीट वाजू द्या. घाईनं भलताच माणूस पकडला जाते."

नवव्या दिवशी त्यांनी ते सुरू केलं. अभिप्रायांची जागा रिकामी होती. जुन्यासोबत सगळं पुसलं गेलं होतं, आक्कांची उत्तरंसुद्धा. होस्टिंगवाले म्हणाले, "सर, आमच्याकडे मागच्या सातच दिवसांची प्रत असते."

मी गेलो तेव्हा ते कंप्युटरसमोर नुसते बसले होते.

"आवाज तर वाचला ना," मी म्हणालो.

"गाणे दुसऱ्याचे होते, साडभाऊ. उत्तरं तिचे सोताचे होते." मग माझ्या खिशाकडे बोट करून म्हणाले, "तुमच्या मोबाइलात तिचं काही असन तं पाहा ना."

मी शोधत खाली खाली गेलो. एकच निरोप सापडला. वाचून दाखवला: "तुरीचे सोले काढून ठेवले हायेत. येतानी रिकामा डबा आणजा."

"डबा नेलता तुमी?"

"विसरलो होतो. त्यांनी ते हिरवे दाणे त्यांच्याच पातेल्यात दिले."

ते किंचित हसले. मग डोळे मिटून म्हणाले, "अजून एकडाव वाचा. हळू वाचा."