काळूरामला दाखवलेली तीन घरं

टोकावड्याची माधुरी शाळेची व्हॅन चालवते. तिचा नवरा काळूराम चुन्याचा गवंडी. जुन्या घरांना सिमेंट मानवत नाही, ती चुन्यानेच दुरुस्त करावी लागतात. आणि अशी कामं सगळी अलिबागकडे, समुद्राच्या काठाने. लग्नाच्या बावीस वर्षांतली निम्मी त्याने तिकडेच काढली. मूलबाळ झालं नाही. "एकदा तुला नेतो गो, माझी घरं दाखवतो," असं तो दर होळीला म्हणायचा. कधी नेलं नाही.

मागच्या मे महिन्यात तो बांधकामाच्या परांचीवरून पडला. डोक्याला मार लागला. दीड महिन्याने आपल्या पायांनी चालत घरी आला आणि दारात उभ्या माधुरीला म्हणाला, "बाई, जरा पानी देता का?"

तेव्हापासून तो तिच्याशी असाच, पाहुण्यासारखा वागत होता. जेवण झालं की ताट स्वतः धुवायचा आणि म्हणायचा, "तुमचे लय उपकार झाले." रात्री पडवीत निजायचा. माधुरीने लग्नाचा फोटो दाखवला, त्याच्या बहिणीला बोलावलं, शेवटी भगताकडेही नेलं. डॉक्टर म्हणाले, "ओळखीच्या जागा दाखवून बघा. पण खात्री काही नाही." तिने पहिलंच वाक्य धरून ठेवलं. काळूरामच्या फोनमध्ये तीन घरांचे फोटो होते. दिवाळीची सुट्टी लागली तशी तिने त्याला व्हॅनमध्ये बसवलं आणि मुरबाड, कर्जत, पेण करत गाडी किनाऱ्याला नेली.

पहिलं घर नागावला. आता ते तिकीट काढून बघायचं झालं होतं. गेटवरच्या म्हाताऱ्याने काळूरामला लगेच ओळखलं. "अरे, ही कमान तूच उभी केलीस. पंधरा दिवस जेवायलाही खाली उतरला नव्हतास."

काळूरामने कमानीकडे पाहिलं. "चांगली आहे," तो म्हणाला, आणि चपला कुठे काढल्या ते शोधू लागला.

दुसरं घर चौलला, नारळाच्या वाडीत. तिथे आता पर्यटक राहायला येत. माधुरीने त्याला खोली खोली फिरवलं. "हे बघा. ही भिंत आठवते? फोटोत तुमी इथंच उभे आहात."

"बाई, मला काय दाखवताय ते नाय समजत," तो हळूच म्हणाला. "मी चुकलो का काय?"

ती त्याला घेऊन बाहेर आली. गाडीत बसून तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि बराच वेळ चावी फिरवलीच नाही.

रेवदंड्याला ताराबाईंच्या खानावळीत ते जेवायला थांबले. काळूराम तिथे सहा वर्षं जेवला होता. ताराबाईंनी न विचारता बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. माधुरीकडे बघून म्हणाल्या, "तू माधुरी ना? रोज तुझंच नाव असायचं. माधुरीला समुद्र दाखवायचाय, माधुरीला इथं जेवायला आणायचंय. मी म्हणायची, आण रे बाबा एकदाची."

माधुरीचा घास हातातच राहिला. तेवढ्यात काळूरामने ताराबाईंना विचारलं, "माधुरी कोन?"

ती उठली आणि मोरीच्या आडोशाला जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. परत आली तेव्हा त्याची जागा रिकामी होती.

ती बाजारातून धावली, मग वाळूवर. भरतीचं पाणी वर चढत होतं. "चौकड्याचा शर्ट, डोक्यावर व्रण," ती दिसेल त्याला सांगत होती. तास गेला. पाण्यात कुणाचं डोकं दिसलं की ती तिकडे धावायची. अखेर एका मासळीवालीने सांगितलं, "तसा मानूस त्या काम चाललंय ना, त्या घरात शिरला."

ते तिसरं घर होतं. अंगणात चुन्याचं टाकं होतं आणि टाक्याशी काळूराम बाह्या वर सारून बसला होता. मुकादम अनंता आणि दोन गवंडी त्याचं ऐकत उभे होते.

"हा मुरला नाय अजून," तो सांगत होता. "आजच लावलात तर पावसाळ्यात फुगंल. अजून आठ दिवस पान्याखाली ठेवा. आनि चुन्यात घालायला हिरडा कुठला आनलात? आमच्या माळशेजचा आना." मग त्याने मागची भिंत कुठे पोकळ आहे, ती कोणत्या साली कुणी बांधली, मालकाच्या आईचं नाव काय, सगळं सांगितलं. एकही चूक नाही.

माधुरी त्याच्यासमोर वाळूने माखलेल्या पायांनीच बसली. "आनि मी? मी कोन?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. ते तिला स्पष्ट दिसलं. "गाडीवाल्या बाई," तो म्हणाला. "तुमी मला इथं आनलंत."

अनंता तिला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आम्हाला असं सांगणारं कुणीच नाही. यांना इथं ठेवता का? राहायला ताराबाईंकडे खोली आहे."

दोन दिवस ती त्याच खोलीत राहिली. टोकावड्याच्या पडवीत तो दिवसभर गुडघ्यांना मिठी मारून बसायचा. इथे तो उजाडायच्या आत उठून अंगणात हजर व्हायचा. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या गोळ्या आणि कपड्यांचं गाठोडं ताराबाईंच्या हवाली केलं.

"शिडीवर चढू देऊ नका," ती अनंताला म्हणाली. "कायपन झालं तरी नाय."

"आणि त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं तर?"

"नाय विचारनार."

आता ती शनिवारी शाळेच्या मुलांना घरी सोडून तशीच रेवदंड्याला जाते. रविवारी दोघं खानावळीत समोरासमोर जेवतात. नव्या गवंड्यांना तो तिची ओळख करून देतो, "या टोकावड्याच्या बाई. लांबून येतात." ती मान हलवते आणि त्याच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून देते. त्याला त्याचं नवल वाटतं, पण तो नको म्हणत नाही.