खाणीपलीकडचा मेंढपाळ

ती दुपार मी अजून विसरलो नाही. पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर मी कतारमधल्या एका दगडखाणीवर सुरक्षा अधिकारी होतो. दोहा गाडीने तासाभरावर; मधे नुसतं वाळवंट. शेजार म्हणजे एक इज्बा, उंट-मेंढ्यांचा वाडा. तिथे एक सुदानी मेंढपाळ एकटाच राहायचा. रोज सकाळी आमच्या टाकीवरून पाणी न्यायचा आणि गेटवरच्या रजिस्टरात त्याची नोंद व्हायची.

जुलै महिना होता. टँकर ड्रायव्हरने खबर दिली, "सर, इज्ब्यातल्या मेंढ्या ओरडतायत. हौद कोरडा आहे. माणूस कुठे दिसत नाही."

रजिस्टर पाहिलं. कालपासून नोंद नव्हती. त्या उन्हात पाण्यावाचून माणूस फार टिकत नाही.

इज्ब्यात जाऊन आलो. मोबाईल चार्जरला लावलेला, रोटी झाकून ठेवलेली. पळून जाणारा माणूस मोबाईल मागे ठेवत नाही.

आदल्या दिवशीच्या पाळीतल्या ड्रायव्हरांना एकेक करून बोलावलं. बीडकडचा एक डंपर ड्रायव्हर खुर्चीच्या कडेवर टेकला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "साहेब, मी त्या अंगाला गेलोच न्हाई."

कोणत्या अंगाला, ते मी अजून बोललोच नव्हतो.

पोलिसात असतो तर आवाज चढवला असता. इथे त्याच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली. "तू काही केलंस असं मी म्हणत नाही. तो जिवंत असला तर अजून वेळ आहे. संध्याकाळी नसेल."

अर्धी बाटली संपवून तो म्हणाला, "मेंढरामागं खाणीच्या जुन्या खड्ड्याकडं जाताना बघितला. मी परत येताना नुसतं मेंढरूच दिसलं. मुकादमाला सांगितलं तर म्हणला, गप बस. खड्ड्याला कुंपण न्हाई, पोलीस आले तर समद्यांना घरी धाडतील."

मी फोन उचलला. मुकादम दारातच उभा होता. शांतपणे म्हणाला, "आधी मॅनेजरला विचारा. व्हिसा तुमचाही कंपनीचाच आहे."

माझं बोट थांबलं. मग मी पोलिसांना फोन लावला आणि दोर घेऊन आम्ही धावलो.

खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहून हाका मारल्या. काहीच नाही. पुन्हा मारल्या. खालून, दगडाच्या सावलीतून, बारीक आवाज आला, "मोया." पाणी मागत होता.

पाय दोन ठिकाणी मोडला होता, पण माणूस वाचला. मुकादमावर कारवाई झाली. कंपनीने त्या ड्रायव्हरचा करार पुढे वाढवला नाही, माझाही नाही.

बोट थांबलं ते दहा सेकंद असतील. तेवढ्यात मी त्या मेंढपाळाचा नव्हे, स्वतःचा विचार केला होता. तीस वर्षं मी साक्षीदारांना दरडावून विचारत आलो, "तेव्हाच का बोलला नाहीस?" त्यांच्यातले कितीतरी मान खाली घालून गप्प बसायचे. ते का गप्प बसायचे, हे मला त्या दहा सेकंदांत कळलं.