वरचे दोन फोटो

जिंतूरला मास्तरकी करत होतो, तेव्हा मला फोटोचं वेड लागलं. रंगीत फोटो आले होते, पण माझं मन काळ्यापांढऱ्यावरच. तिथला एक उंचापुरा फोटोवाला लांबलचक फिल्मचा डबा आणून, तिचे तुकडे कापून, जुन्या रिकाम्या रोलांत घरीच भरून द्यायचा.

"कशाचे फोटू काढायचेत, मास्तर?"

"चारठाण्याच्या देवळांचे."

"मग ही मंद फिल्म घ्या. दगड कुठं पळून जायलाय? उजेड जास्त लागतो, पण दाणा लय बारीक येतो, बारीकसारीक समदं उठून दिसतं."

मग तो बिनखिडकीच्या खोलीत जायचा. दार लावण्याआधीच डोळे मिटून घ्यायचा. अंधारात माप हातांचंच. दोन्ही हात पसरले की एक रोल. त्याचे हात लांब, म्हणून छत्तीसऐवजी अडतीस फोटो निघायचे.

"वरचे दोन घरच्यांसाठी ठेवा," तो दर वेळी बजावायचा. "देऊळ हाय तिथंच ऱ्हातंय."

मी हो म्हणायचो आणि अडतीसच्या अडतीस देवळांवर घालवायचो. आई पदर सारखा करून ओट्यावर बसलेली असायची. तिला सांगायचो, पुढच्या रोलमध्ये तुझा नक्की.

एका सुट्टीनंतर जिंतूरला परत आलो, तर त्याच्या खोलीला कुलूप. कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे आईही गेली.

देवळांचे खांब माझ्याकडे आहेत, टवका न् टवका दिसतो. आईचा एकही फोटो नाही. त्याचाही नाही. कधीकधी मी खोलीत एकटाच दोन्ही हात पसरून बघतो. माझे हात आखूड आहेत. छत्तीसच भरतील.