डोळे बांधून फुगा ओळखा

अंगणवाडीत लागायच्या आधी गावात माझी एकच ओळख होती, नकला करणारी पोरगी. हेडमास्तर तोंडात पान धरून बोलायचे, तसं मी चिंच धरून बोलायचे. एसटीचा कंडक्टर, मुखेडच्या बाजारातली भांडीवाली, वर्गातल्या अर्ध्या पोरींच्या आया, सगळे मला यायचे. बारावी झाली, गावातच जागा निघाली आन मी ताई झाले. आमच्या मदतनीस मावशी पहिल्याच दिवशी म्हणल्या, "आता माकडाच्या हातात शाळा दिली, बया."

"खिचडी तर तुमच्याच हातात हाय न मावशी, मंग कशाची फिकर?" मी म्हणलं.

नांदेडला ट्रेनिंग झालं. तिथल्या मॅडमनी आम्हाला फुग्यांचा दिवस शिकवला. "मुलांनोऽ, फुगा कसा आऽहे? गोऽल आहे!" हे त्या असं काही म्हणायच्या की मी गावात येईपर्यंत बसमध्ये तेच घोकत आले. पण गोष्ट कामाची होती. एका फुग्यात लेकरू रंग शिकतं, लहान-मोठं शिकतं. फुंकर मारून मारून त्याचे ओठ वळतात. फुगा खाली पडू द्यायचा न्हाई म्हणलं की भांडकुदळ पोरगं बी दुसऱ्याकडं सारून देतं. मी बाजारातून फुग्यांचं पाकीट आणलं.

त्याच वर्षी ती आली. तीन वर्षांची, आईच्या कडेवर, आन बोलत नव्हती. घरात कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. तिचा बाप पाच वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता म्हणे, आन आता ग्रामसभेत दुसऱ्या कोणाला बोलू देत न्हाई. आजी तिला पोपटानं टोचलेला पेरू शोधून खाऊ घालायची, त्यानं जीभ सुटती म्हणून. माहूरच्या देवीचा तांबूल बी जिभेला लावून झाला होता.

मी नकला करायला लागले की सगळ्यात जास्त तीच हसायची. पुढं येऊन, मांडी घालून, माझ्या तोंडाकडं बघत बसायची. मला वाटायचं, एवढ्या गावात हिलाच माझी कदर हाय.

फुग्यांच्या दिवशी मी सगळ्यांना रंगाप्रमाणं फुगे लावायला बसवलं, पिवळ्यात पिवळा, हिरव्यात हिरवा. आमच्या पत्र्याच्या दाराला एक खिळा बाहेर आलेला. एक मोठा फुगा उडत त्याच्यावर गेला आन बरोबर तिच्या पाठीमागं फाडकन फुटला. सगळी लेकरं किंचाळली. एकानं चड्डी ओली केली. मावशींच्या हातातलं उलथनं पातेल्यात गेलं. ती तेवढी खाली मान घालून पिवळे फुगे गोळा करायली.

मी तिला उचलूनच घेतलं. "बघा रे, ही बघा वाघीण! तुम्ही सगळे नुसते मांजरं!"

संध्याकाळी आई न्यायला आली तर तिला बी सांगितलं, "तुमची पोरगी लई धीट हाय." बाई एवढी खूश झाली. तोवर तिला जो तो पोरीत काय कमी हाय तेच सांगायचा. ती घरोघर सांगत गेली, ताई म्हणल्या, वाघीण हाय.

आमच्याकडं एक फॉर्म असतो, लेकरू वयाप्रमाणं वाढायलं का ते लिहायचा. त्यात होतं, आवाज आल्यावर वळून बघतं का? मी टाळी वाजवली. सगळे वळले, ती बी वळली. मी 'हो' वर खूण केली. ती बाकीच्यांकडं बघून वळते, हे मला दिसलंच न्हाई. लोकांच्या चालण्या-बोलण्यातलं बारीकसारीक पकडते म्हणून मी गावभर मिरवायचे.

पुढच्या वर्षी मला वाटलं, तोच खेळ काय खेळायचा. मी तीन फुगे केले. एकात ज्वारी घातली, एकात हरभरे, एकात घुंगरू. लेकराचे डोळे बांधायचे, कानाजवळ फुगा हलवायचा, आत काय हाय ते त्यानं ओळखायचं. ज्याला बोलता येत न्हाई त्यानं समोरच्या ताटलीत चाचपून ज्वारीवर न्हाईतर हरभऱ्यावर हात ठेवायचा. रंगात, आकारात ती सगळ्यांच्या पुढं होती, म्हणून मी पहिल्यांदा तिलाच बोलावलं.

ओढणीनं डोळे बांधले आन तिनं असा आवाज काढला, की मी आजवर कोणत्या माणसाचा तसा ऐकला न्हाई. हातपाय झाडायली. मी म्हणायले, "अगं मी हाय, ताई हाय, इथंच हाय." मावशी म्हणायल्या, "भिऊ नको माय." ती काही थांबेना. मी ओढणी सोडली. माझं तोंड दिसलं तशी ती गप झाली.

मी मावशींना म्हणलं, सगळ्यांना आवारात न्या. खोलीत दोघीच राहिलो. तिच्यापुढं फुगे टाकले आन पाठीमागं जाऊन ताट वाजवलं. काहीच न्हाई. मंग मी मला येणारं सगळं केलं. कंडक्टर केला, हेडमास्तर केला, ट्रेनिंगवाल्या मॅडम केल्या, शेवटी तिची आजी केली. ती फुग्याला बोटानं दाबून बघायली. एकदा बी वळली न्हाई. दोन वर्षं ती माझं नुसतं तोंड वेडंवाकडं होताना बघून हसत होती.

तिच्या आईला घेऊन मी नांदेडच्या दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "कानाला मशीन देऊ, थोडाफार आवाज पोचेल. पण बोलणं आता फार अवघड आहे. लातूरकडं अशा मुलांची राहण्याची शाळा आहे, तिथं खुणांची भाषा तरी शिकेल. दोन वर्षं आधी का नाही आणलं?"

आई म्हणली, "ताई म्हणल्या, धीट हाय."

माझ्यावर राग काढायला म्हणून न्हाई. विचारलं म्हणून सांगितलं, बस.

घरी सांगायचं काम तिनं माझ्यावर टाकलं. "माझं कोन ऐकतंय, तुमीच सांगा." ओसरीवर बाप, आजी, शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या. मी डॉक्टर बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. आजी हसायली. "अगं, तसं न्हाई. आवाज काढून सांग की डॉक्टरचा!"

"आजी, खरं सांगायले मी."

"हाव, तू आन खरं!"

शेजारच्या बाया बी हसल्या. मला रडू यायला लागलं तर एक म्हणली, "बगा, रडायचं बी कसं हुबेहूब करती."

बापानं तेवढं ऐकून घेतलं. मंग म्हणला, "लातूरला? एवढीशी पोरगी परक्यात ठेवायची? मी बी उशिराच बोललो." मशीन आलं, ते तिनं दोन दिवसात ओढून काढलं. आजी म्हणली, लेकराला कशाला छळता, आन ते कपाटात गेलं. मंग तिला अंगणवाडीत धाडणं बी बंद झालं. घरात धाकटा भाऊ झालाय, त्याच्या पाळण्याची दोरी ती ओढती. तो रडला की तिला कळत न्हाई, म्हणून दोरीवरचा हात ती काढतच न्हाई.

लातूरच्या शाळेचं सांगायला मी तीनदा गेले. दोनदा बाप घरी नव्हता. तिसऱ्यांदा होता, त्यानं चहा पाजला आन पावसापाण्याचं बोलला. आई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

"ताई, एक सांगू? आता येत नका जाऊ."

"का हो?"

"तुमी येऊन गेला की ती चार-चार दिवस दारातच बसती. बोलावलेलं तर ऐकू येत न्हाई. उचलून आत आणावं लागतं."

मी हाव म्हणलं. आता बाजाराला जायचं झालं तर मी मागच्या गल्लीनं जाते.