नाव न सांगण्याच्या अटीवर

देव्हाऱ्यातले निर्माल्य रोज सकाळी काढावे आणि दुसऱ्या दिवशी तितकेच पुन्हा साचावे, तसे आमच्या भजनी मंडळातल्या किश्श्यांचे आहे. पखवाजाला कणीक लावून तो सुरात येईपर्यंत जो वेळ जातो, तो खरे तर नामस्मरणात जायला हवा. आमच्याकडे तो गोपीनाथरावांच्या गोष्टींत जातो. भगवंताने हा अपराध पोटात घातला असावा, कारण इतक्या वर्षांत पखवाज एकदाही लवकर सुरात आलेला नाही!

गोपीनाथराव म्हणजे आमच्या पेडणे महालातले पहिले युद्धवार्ताहर आणि बहुधा शेवटचेही. मुंबईच्या एका वृत्तपत्रासाठी त्यांनी दोन युद्धे सीमेवर राहून पाहिली, पन्नाशीच्या आत गावी परतले आणि जवळच्या महाविद्यालयात इतिहास शिकवू लागले. संध्याकाळी देवळात टाळ धरायला आमच्याबरोबर बसत.

पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना युद्धाची हकीकत विचारली. सगळे सरसावून बसले. गोपीनाथरावांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पाऊस. चिखल. तोफा. जेवण नाही. पुढील वृत्त उद्या."

आमचा पखवाजी रंगराव तुयेच्या कारखान्यात कामाला, मूळचा कोल्हापूरकडचा. तो कळवळून म्हणाला, "मास्तर, जरा इस्कटून सांगा की!"

गोपीनाथरावांनी पुन्हा डोळे मिटले. "फार पाऊस. फार चिखल."

जन्मभर तारेने बातम्या धाडलेल्या माणसाकडून याहून अधिक विस्तार झाला नाही.

०

त्याच वर्षी जत्रेला पालखी बाहेर पडली आणि रिवाजाप्रमाणे गरनाळ उडाली. गरनाळ म्हणजे लोखंडी नळीत दारू ठासून काढलेला आवाज, छातीत धडधडते. तो आवाज होताच पालखीपुढे चालणारे गोपीनाथराव सपाट जमिनीवर पालथे पडले! सीमेवरची सवय.

मागच्या मंडळींना हे ठाऊक नव्हते. एवढा शिकलेला माणूस साष्टांग घालतो आहे, त्या अर्थी काही तरी शास्त्र असणार, असे समजून रंगराव पडला. त्याच्यामागे मी पडलो. पाहता पाहता सारे अंगण आडवे झाले आणि पालखीचे भोई तेवढे गोंधळून उभे राहिले.

पुढच्या वर्षीही लोक पडले. त्याच्या पुढच्या वर्षी तर शेजारच्या गावाहून माणसे खास पडायला आली. पुढे एक संशोधक विद्यार्थी प्रथा-परंपरांची माहिती गोळा करत आला. त्याला आम्ही साहजिकच इतिहासाच्या प्राध्यापकांकडे धाडले.

गोपीनाथरावांनी गंभीरपणे सांगितले, "प्रथा प्राचीन दिसते. उगम अज्ञात."

०

महाविद्यालयातल्या त्यांच्या पहिल्या तासाची हकीकत डिचोलीहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने सांगितली. विषय होता पोर्तुगीज आरमाराचे आगमन. गोपीनाथराव वर्गात आले, वही उघडली, पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "प्रत्यक्षदर्शी कोण कोण आहेत?"

कोणीच हात वर केला नाही.

"मग बातमी पक्की नाही," असे म्हणून त्यांनी वही मिटली आणि तास सोडून दिला!

०

पुढे भाषेच्या वादाचे दिवस आले. मराठी की कोंकणी, यावरून घरोघरी जेवणाच्या पाटांची तोंडे फिरली. मी भजनी मंडळाचा बुवा, ओव्या-अभंगांवर वाढलेला. माझी बाजू सांगायला नको. पण भांडण मात्र मी कोंकणीतून करीत असे, कारण राग त्याशिवाय नीट येत नाही.

एके दिवशी दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते सहीचे कागद घेऊन एकाच वेळी गोपीनाथरावांच्या पडवीत आले. "मास्तर, तुमी इतिहासकार. तुमची बाजू खंयची ती आताच सांगा!"

गोपीनाथरावांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले, शुद्धलेखन तपासले, दोन्हींतल्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आणि परत दिले. सहीच्या जागी दोन्हीकडे एकच वाक्य होते : "वृत्त छापायला जाईपर्यंत प्राध्यापकांशी संपर्क होऊ शकला नाही."

०

गोवा घटक राज्य झाल्याची बातमी मी स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्याकडे नेली. त्यांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घालीनात.

"दुजोरा?" त्यांनी विचारले.

"अहो, रेडिओवर सांगितले!"

"तो एक झाला. दुसरा?"

"मी सांगतो आहे ना!"

"बुवा, तुम्हीही तोच रेडिओ ऐकलात."

पेढा हातात वितळू लागला. तेवढ्यात सायकलचा भोंगा वाजवत पोदेर आला. आमच्याकडे पाववाल्याला पोदेर म्हणतात. गोपीनाथरावांनी त्याला अडवून विचारले, "राज्य जालें म्हणटात तें खरें?"

"खरें मरे!" पोदेर पाय न टेकता म्हणाला. "पूण पाव कालचेच आसात."

"आता खात्री झाली," असे म्हणून गोपीनाथरावांनी पेढा खाल्ला. "खोटी बातमी आणणारा पावांबद्दल खरे बोलत नाही."

०

त्यांच्या प्रबंधाची कथा मात्र निराळी. आमच्या महालातल्या जुन्या लढायांवर त्यांनी सात वर्षे खपून तो लिहिला. डॉक्टरेट झाली तरच महाविद्यालय त्यांना कायम करणार होते. नाही तर साठी गाठण्याआधीच घरी बसायचे.

मार्गदर्शक बाई वयाने त्यांच्या मुलीसारख्या. पहिले प्रकरण वाचून त्यांनी फोन केला. "सर, प्रत्येक तळटीपेत तुम्ही ‘नाव न सांगण्याच्या अटीवर एका सरदाराने सांगितले’ असे लिहिले आहे! हे सरदार कधीच वारले!"

"म्हणूनच काळजी घ्यायची," गोपीनाथराव म्हणाले. "त्यांना आता खुलासा करता येणार नाही."

बाईंनी हट्टाने एकेक नाव घालून घेतले. पाचव्या प्रकरणातली एक तळटीप मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली.

०

आणि ती तळटीप नेमकी माझ्या घराण्याविषयीची!

आमचे मूळ पुरुष गोऱ्यांच्या फौजेपुढे नदीच्या उतारावर तीन दिवस तलवार उपसून उभे राहिले, ही कथा दर वर्षी उत्सवात आरतीनंतर मी सांगतो. ऐकताना माझेच डोळे भरून येतात. गोपीनाथरावांनी प्रबंधात लिहिले होते की ते गृहस्थ त्या तीन दिवसांत उतारावर नव्हतेच! आधार म्हणून खुद्द मूळ पुरुषांनी पत्नीला लिहिलेले मोडी पत्र दिले होते : "येथे मी सुखरूप. दूध मुबलक. फौज गेली की कळवावे." पत्र कुठे मिळाले, याची तळटीप एवढीच : "विश्वसनीय गोटातून."

तोंडी परीक्षा पणजीला, सर्वांना खुली. आमचे भजनी मंडळ बस करून गेले. माझी थोरली वहिनीही आली होती. ती माझ्यासमोर सहसा चार शब्द बोलत नाही.

बाहेरून आलेले परीक्षक शांत, पण चिवट. "पत्र कोणी दिले? आणि ‘येथे’ म्हणजे कुठे? हे कळल्याशिवाय प्रकरण उभे राहत नाही, आणि प्रकरणाशिवाय प्रबंध."

"वचन दिले आहे," गोपीनाथराव म्हणाले. "नाव सांगणार नाही."

"मग पदवीची शिफारस मला करता येणार नाही."

"नका करू."

रंगराव माझ्या कानाशी पुटपुटला, "बुवा, मास्तरांचं आता कसं व्हायचं वो?" मित्राची सात वर्षे बुडत होती आणि मी, देवाशपथ सांगतो, मनातल्या मनात टाळ वाजवत होतो, मूळ पुरुष पुन्हा उतारावर उभे राहिले होते!

इतक्यात मागच्या रांगेतून थांबवणारा आवाज आला. "रावात मातशे. तें पत्र हांवें दिलां."

वहिनी उभी होती.

"वहिनी, तू?" मी ओरडलो.

"भावोजींक कळूंक जायना म्हूण मास्तरांकडल्यान उतर घेतिल्लें," ती परीक्षकांना म्हणाली. आमच्याकडे वचनाला उतर म्हणतात. "तांची कथा बंद पडटली न्हय? पूण मास्तर असो फुकट बुडटा, तें माका सोसना."

परीक्षक पुढे झुकले. "बाई, आपण म्हणजेच तो विश्वसनीय गोट?"

वहिनीने पदर सारखा केला, एकदा माझ्याकडे पाहिले आणि गोपीनाथरावांना म्हणाली, "मास्तर, तुमची तितली एक चूक सुदारात. गोट न्हय ओ, गोठो!"