देव आत, आम्ही बाहेर

वादळानं आमच्या चाळीचं छप्पर नेलं, त्याचा मला कधीच राग आला नाही. वादळाला काय कळतं? राग आला तो छप्पर पुन्हा बसल्यावर, आणि आज म्हातारपणीही तो गेलेला नाही.

लालबागच्या त्या चाळीत आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. आई, बाबा आणि मी. मी तेव्हा पंधरा वर्षांची. दिवाळी होऊन गेलेली, छत्र्या माळ्यावर टाकलेल्या, आणि एका दुपारी समुद्राकडून असा वारा सुटला की मंगलोरी कौलं बघता बघता उडाली. मागची भिंत अर्धी खाली आली. माणसं वाचली, एवढंच नशीब. वरच्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं परळच्या एका शाळेत हलवायचं ठरलं.

निघताना सगळ्यांनी दारांना कुलपं लावली आणि चाव्या कमरेला खोचल्या. आमच्या आईनं मात्र चावी नेऊन चाळीच्या मालकांच्या हातात दिली. तिच्या माहेरी, मालवणकडे, घर बंद करून जाताना चावी शेजारी द्यायची पद्धत. म्हणजे तिन्हीसांजेला कुणीतरी देवापुढे दिवा लावतं. देवही तिनं खोलीतच ठेवले. शाळेच्या वर्गात, चार बिऱ्हाडांच्या पायांत ते मांडायचे कुठं? धड उभ्या भिंतीला देव्हारा होता, त्यावर पत्रा आडवा टाकला आणि ती निघाली.

"निर्धास्त जा, बाई. दिवा मी लावतो," मालक म्हणाले होते.

मालक कुणी परके नव्हते. मूळचं गिरगावातलं जुनं मराठी घराणं, आता आमच्या चाळीसमोरच बंगला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आमच्या चाळीच्या चौकात व्हायच्या त्या त्यांच्याच अध्यक्षतेखाली. मुंबई कष्टकऱ्यांची आहे, असं ते इतकं कळवळून सांगायचे की बायका डोळे पुसायच्या. बाबा गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. एका मोर्चात त्यांच्या पाठीवर लाठी बसली, तेव्हा मालक स्वतः मोसंबी घेऊन आले होते. ती मोसंबी मीही खाल्ली, हे आठवलं की आजही तोंड कडू होतं.

दोन महिन्यांनी कौलं बसली, भिंत उभी राहिली आणि एकेक बिऱ्हाड परतलं. आम्ही ट्रंका घेऊन जिना चढलो तर आमच्या दाराला निळा रंग आणि नवं कुलूप. मालकांनी खोली दुसऱ्या कुणाला कबूल केली होती. चावी हातात दिली म्हणजे खोली सोडली, असं त्यांचं म्हणणं. कायदा तसाच आहे, वकिलाला विचारा, हेही वर सांगितलं. छातीवर समितीचा बिल्ला होता. चोर तो चोर, वर शिरजोर.

बाबांनी हात जोडले. लाठीपुढे न वाकलेला माणूस त्या दारात वाकला, हे मला सहन झालं नाही. शेजारी गॅलरीत जमले, पण मालकांना कुणी काही बोलेना. बोलत होते ते आईला. चावी कुणी देतं का, इतकी कशी खुळी, असं. ज्यानं विश्वासघात केला तो शहाणा आणि जिनं विश्वास ठेवला ती खुळी! मी रडत होते ती रागानं.

आईनं मालकांना एकच विचारलं, देव कुठं आहेत. ते आतच होते. मालक जरा ओशाळले. सगळ्या चाळीदेखत दुसऱ्याचे देव कोंडून ठेवणं त्यांनाही जड गेलं असावं. त्यांनी स्वतः कुलूप काढलं आणि म्हणाले, "न्या तुमचे देव."

आई आत गेली. मीही गेले. समईत तिनं निघताना घातलेली वात तशीच होती, तेल वाळून चिकट झालेलं, देवांवर चुन्याचा थर. दोन महिन्यांत एकदाही दिवा लागला नव्हता. ते बघून आईचा चेहरा बदलला. ती देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसली, पदरानं एकेक देव पुसला आणि मागं न बघता म्हणाली, "देव सोडून कोण घर सोडता? माझे देव हंयच आसत. मी उठूची नाय."

आणि ती उठली नाही. मालक ओरडले, मग समजावू लागले. आईनं मला ट्रंकेतून तेलाची बाटली काढायला सांगितली. दिवा लागला. तो बघून शेजारणीला उशिरा का होईना लाज वाटली आणि तिनं आपला पेटता स्टो आमच्या खोलीत आणून ठेवला. मग कुणी तांदूळ आणले, कुणी पातेलं. भात शिजला तेव्हा मालक जिना उतरून गेले होते. नवं कुलूप चावीसकट दारातच राहिलं होतं; ती चावी आईनं कमरेला खोचली.

पुढे कुठल्याशा सभेत त्यांनी सांगितलं म्हणे, वादळग्रस्तांना मी स्वतःच्या हातानं घरं उघडून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी ते चाळीत पेढे वाटत आले. बाबांनी घेतला, खाल्लाही. मी घरात निघून गेले. आईनंही घेतला, कारण दारी आलेल्याला ती कधी नाही म्हणाली नाही. पण पेढा घेतला तो डाव्या हातानं. उजव्या हातात तिनं कमरेची चावी घट्ट धरली होती, आणि मालक पुरते जिना उतरेपर्यंत ती सोडली नाही.