पायाळू वायरमन

सेलूच्या आमच्या कापसाच्या जिनिंगात भुजंग वायरमन होता. मिरगाच्या आधी तो छपरावरचा तांब्याचा दांडा तपासायचा. दांड्यावर पडलेली वीज पट्टीतून खाली खड्ड्यात उतरते, म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाण्याच्या बादल्या ओतायचा आणि मीटर लावून बघायचा.

अडचण एवढीच, की भुजंग पायाळू होता, म्हणजे पायाकडून जन्मलेला. पायाळूवर वीज पडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. एरवी त्याचा उपयोग होता. कंबर धरली की माणसं त्याच्यासमोर पालथी पडत आणि तो हातातलं काम टाकून लाथ मारी. मी तिथला मुनीम. मीही लाथ खाल्ली आहे आणि माझी कंबर सुटली आहे, तेव्हा मी काय बोलणार!

चौऱ्याऐंशी साली गोदामात कापसाच्या गाठी शिल्लक राहिल्या. वीज पडून त्या पेटायला नकोत म्हणून मालक माणिकरावांनी फर्मान काढलं, की पायाळूनं दसऱ्यापर्यंत घरी बसावं, तेही बिनपगारी. भुजंगाचं तोंड बघवेना.

मालकांना पटवायला त्यानं कचेरीतल्या टेबलावर बिस्किटाच्या डब्याचं छोटं जिनिंग केलं. वर छत्रीची काडी उभी केली, शेजारी स्वतःच्या नावानं कापडी बाहुलं ठेवलं आणि भंगारातल्या मोटारसायकलच्या कॉइलनं वरून ठिणग्या पाडल्या. प्रत्येक ठिणगी काडीवरच.

"मालक, ईज उंची बघती. माणूस कसा जलमला ते इचारत न्हाई."

माणिकरावांनी वाकून बाहुलं निरखलं. "पर हे बाहुलं पायाळू कुठं हाय?"

भुजंगानं बाहुलं उलटं धरलं. मालकांना तेही पटेना. पायाळू व्हायला आधी जन्मावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आता या माणसापुढं कुणी डोकं फोडावं?

हा वाद चालू असतानाच बाहेर आभाळ भरून आलं आणि खरी वीज कडाडून दांड्यावर पडली. आम्ही सगळे टेबलाखाली. गाठी जशाच्या तशा होत्या. भुजंग हसत बाहेर आला, पण माणिकरावांनी भलताच अर्थ लावला. पायाळू आत होता म्हणून वीज इकडंतिकडं न जाता नीट दांड्यावर आली! त्याच दिवशी त्यांनी भुजंगाला कायम केलं. अट एकच, ढग आले की दांड्याच्या बुडाशी बसायचं. मरायची जागा नेमकी तीच, हे सांगून सांगून भुजंगानं ती अट कचेरीच्या ओसरीपर्यंत आणली.

पेढे घेऊन भुजंग आणि मी त्याच्या घरी गेलो. सगळं ऐकून त्याची आई धुरपताबाई हसता हसता एकदम रडायला लागली.

"लेका, तू डोस्क्याकडूनच आलास. बाळंतपण माहेरी झरीला झालं, हितं कुणाला काय ठावं? तुझा बाप गेल्यावर दारात कुणी येईना. मंग मीच उठवलं, पोरगं पायाळू हाय म्हणून. लोक यायले, बसायले, बोलायले."

 भुजंगानं आईच्या हातात पेढा ठेवला आणि माझ्याकडं वळला. "मुनीमजी, मालकाला हे कळू देऊ नका."

मी मान डोलावली आणि तिथंच पालथा पडलो. सकाळपासून माझी कंबर धरली होती.